नळाच्या पुढची तार

माणसं आवाजानं जागी होतात. सूर्यभान आवाज झाला नाही म्हणून जागा झाला. रात्रपाळी करून आलेला माणूस, दुपारी दोनच्या सुमाराला क्वार्टरच्या फरशीवर उघड्या अंगानं पालथा पडलेला. बाहेर इंजिनं शिट्ट्या मारोत, शंटिंगचे डबे एकमेकांवर आदळोत, नाहीतर शेजारची कमलबाई पाण्यावरून कुणाचा उद्धार करो, त्याची कूस बदलत नसे. पूर्णा जंक्शनावर जन्म काढायचा तर एवढं बहिरेपण अंगी लागतंच. पण दाराच्या चौकटीला टांगलेलं ते डालड्याचं डबडं, आत चार खडे टाकलेलं, ते मात्र झोपेतही त्याच्या कानाला बांधलेलं असे. त्याची लेक सत्यशीला दारापासून बांधलेली तार धरून नळाकडे निघाली की तारेला हिसके बसत आणि डबडं खुळखुळे. ती नळाशी पोचली की गप्प होई. परतताना पुन्हा खुळखुळे. आज जाण्याचं खुळखुळणं त्यानं झोपेतच ऐकलं होतं. परतीचं ऐकलं नव्हतं. मधे किती वेळ गेला ते त्याला कळेना. दोन मिनिटं असतील, तासही असेल. त्याला आधी भीती वाटली ती ह्याचीच, की हा मधला वेळ आपल्या हातून सांडला आणि आता तो कुणाला विचारताही येणार नाही.

"सत्या," त्यानं हाक मारली. घर दीड खोल्यांचं, हाक मारावी एवढंही मोठं नव्हतं. बायको पारूबाई बाजारला गेलेली, ती चारशिवाय येणार नव्हती. जाताना सांगून गेली होती, "पोरीकडं ध्यान ठिवा, नुसतं घोरत पडू नका." भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली चूल, चुलीशी झाकून ठेवलेली भाकर. सूर्यभान सदरा न घालताच बाहेर आला. भाद्रपदाचं ऊन डोळ्यांत गेलं आणि त्याला क्षणभर काहीच दिसेना. आपल्या पोरीला असंच दिसतं का, असा विचार नेहमीसारखा मनात आला आणि नेहमीसारखाच त्यानं तो बाजूला सारला. तिला असंही दिसत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात ती तीन वर्षांची होती, अंगावर गोवर उठला, पोटात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या पातळ कण्यांशिवाय काही नव्हतं, आणि गोवर ओसरला तेव्हा डोळ्यांवर दुधासारखी साय धरली होती. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि फार सावकाश बॅटरी बंद केली. त्या सावकाशीवरूनच सूर्यभान समजला. तेव्हा तो रेल्वेत रोजंदारीवर होता, आठ आठ दिवस घरी नसे, आणि पारूबाई दुष्काळी कामावर खडी फोडायची. पोरीच्या कमरेला दोरी बांधून दुसरं टोक बाभळीला. एकदा तो कामावर तिला भेटायला गेला तेव्हा त्यानं पाहिलं, चार वर्षांची सत्या दोरी ताणून, एक हात दोरीवर ठेवून, झाडाभोवती गोल गोल फिरत होती आणि हसत होती. दोरीनं तिला बांधलं होतं की दोरी तिनं धरली होती, हे त्याला सांगता येईना. पण ते दृश्य त्याच्या डोक्यात राहिलं. पुढे तो सिग्नल खलाशी म्हणून कायम झाला, क्वार्टर मिळालं, आणि एके दिवशी मोडीत निघालेल्या सिग्नलच्या तारेचं भेंडोळं मिस्त्रींना विचारून घरी घेऊन आला.

ह्या तारेनंच पोरगी माणसात आली. दारापासून नळापर्यंत साठ-सत्तर पावलं, मधे सहा खांब, तार तिच्या कमरेच्या उंचीवर. जिथं पायरी तिथं तारेला चिंधीची एक गाठ, जिथं गटार तिथं दोन, नळाशी तीन. आठ दिवस सूर्यभान पुढं आणि ती मागं. नवव्या दिवशी पारूबाई म्हणाली, "तुमी बसा आता." तो बसला. सत्या एकटी गेली, तांब्या भरून घेऊन आली, निम्मं पाणी सांडून. त्या दिवशी पारूबाई रडली आणि सूर्यभान संडासाच्या मागं जाऊन ओकला. आनंदानं माणूस ओकत नाही. तो भेला होता. पोरगी पडेल म्हणून नव्हे. पोरगी पडली नाही, म्हणून. आज नळापर्यंत गेली, उद्या त्याच्या पुढं जाईल, आणि पुढं काय काय आहे ते डोळे असलेल्यालाच ठाऊक. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तर सूर्यभानच्या मनाला वैऱ्याची गरजच नव्हती. पारूबाईला हे सगळं न सांगता कळायचं. ती एकदाच बोलली होती, "तुमचं भ्या तुमच्यापाशी ठिवा. लेकराच्या गळ्यात बांधू नका."

तो तारेच्या कडेनं नळाकडे निघाला, चालत, कारण पळालं की भीती खरी होते. सहावा खांब, तीन गाठी, नळ. नळाच्या ओट्यावर पितळेचा तांब्या भरून ठेवलेला, नीट, कडेला लागून. सत्या नव्हती. गटारात नव्हती, कमलबाईच्या ओसरीवर नव्हती. मग त्याला ओट्यापुढच्या धुळीत ओली पावलं दिसली. चार-पाचच, लहान, बोटं पसरलेली, पुढची उन्हानं पिऊन टाकलेली. पावलं घराकडे वळलेली नव्हती. नळाच्या पुढं गेलेली होती, आणि नळाच्या पुढं तार नव्हती.

पण काल रात्री ताटावर बसून त्यानं सांगितलं होतं, आहे म्हणून. शाळेचं दोन महिने चाललं होतं. शाळा रुळांच्या पलीकडे. तिथल्या कस्तुराबाई मास्तरीणबाईंनी पोरीला मांडीवर बसवून पाढे म्हणवून घेतले होते आणि म्हणाल्या होत्या, पाठवा, ऐकून शिकेल, पोरगी तल्लख आहे. सूर्यभाननं सगळ्यांदेखत शब्द दिला होता, शाळेपर्यंत तार नेतो म्हणून. भेंडोळं खाटेखाली तयार होतं. खांबही होते. आणि तो रोज एक कारण काढायचा. पाऊस आहे, डबल ड्यूटी आहे, जमीन कडक आहे, जमीन मऊ आहे. आजचं मरण उद्यावर ढकलावं तसं. काल सत्यानं ताटावरून तोंड वर करून विचारलं, "बाबा, तार कुठवर आली?" आणि तो भाकरी चावता चावता म्हणाला, "निम्मी झाली. नळाच्या म्होरं गेली." वेळ मारून नेली. पोरीचं नाव आजोबानं हौसेनं सत्यशीला ठेवलं होतं आणि बाप तिच्या आंधळेपणावर भरवसा ठेवून खोटं बोलला. खोटं बोलताना त्याला वाटलं होतं, ही काय बघायला जाणार आहे?

ती बघायला गेली होती. ओल्या पावलांच्या रेषेत त्यानं पुढं पाहिलं. तीस पावलांवर बाभळीची रांग, आणि बाभळीखालून, जमिनीपासून गुडघाभर उंच, खुंट्याखुंट्यांवरच्या लोखंडी चाकांवरून गेलेल्या, वंगणानं काळ्या, उन्हात चकाकणाऱ्या दोन तारा. त्याच्याच हातच्या. रोज तोच त्यांना तेल द्यायचा. केबिनपासून निघून एक जवळच्या सिग्नलला, एक लांबच्या. नळाच्या पुढं हात चाचपत गेलेल्या पोरीला त्या सापडल्या असतील आणि तिनं धरल्या असतील. का धरणार नाही? तिला आपणच शिकवलंय, तार म्हणजे वाट. सूर्यभानच्या डाव्या हाताची करंगळीशेजारचं अर्धं बोट एकदम झोंबायला लागलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तो चाकाला वंगण लावत होता आणि केबिनीतून कुणीतरी लिव्हर ओढली. तार चालली. चालताना ती सापासारखी नाही चालत, हिसक्यानं चालते. बोट तारेच्या आणि चाकाच्या मधे गेलं आणि आवाजसुद्धा झाला नाही, नुसतं पेरू दाताखाली यावा तसं वाटलं. त्याचं अर्धं बोट गेलं, साडेनऊ राहिली, बिघडलं काहीच नाही. पण सत्याच्या बोटांत तिचे डोळे होते. बोटांनी ती धान्यातले खडे वेचायची, बोटांनी आईचं तोंड पाहायची, चिंधीच्या गाठी मोजायची. दुसऱ्यांदा आंधळी होईल, आणि ह्या खेपेला गोवरावर ढकलता येणार नाही.

आता तो पळाला. पोरीकडे नाही, केबिनीकडे. आयुष्यात एकदाच डोकं वेळेवर चाललं म्हणायचं. केबिनीखाली उभा राहून तो ओरडला, "बन्सीभाऊ! लिव्हर वढू नका!"

बन्सीधर केबिनमन खिडकीतून वाकला. "काय झालं? हिंगोलीची गाडी यायलीय, लाईन द्यायलोय मी."

"पोरगी तारंवर हाय."

बन्सीधरला समजायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा पडला. त्यानं लांब पाहिलं. "बाभळीच्या आड गेली असंल. हितून न्हाई दिसत. हातबी लावत न्हाई लिव्हरला. गाडी ऱ्हाती उभी, मी भरतो काय दंड भरायचा ते. पळ."

सूर्यभान तारांच्या कडेकडेनं पळत सुटला. पायाखाली खडी, अनवाणी. लांबून शिट्टी आली, सिग्नल न मिळालेल्या गाडीची लांबलचक, वैतागलेली शिट्टी. दर खुंटीशी त्याची नजर आधी चाकावर जाई, तिथं काही लाल दिसतंय का म्हणून, आणि नाही दिसलं की पुढच्या चाकाची भीती सुरू होई. लांबच्या सिग्नलपर्यंत किती चाकं होती ते त्याला पाठ होतं आणि आज पहिल्यांदाच तो आकडा त्याला आठवेना. एका चाकाजवळ तारेवरचं वंगण पुसलं गेलं होतं. तिथं चार बोटांचे फराटे होते. तो तिथं थांबला, थांबायला नको होतं तरी थांबला. फराटे चाकाच्या अलीकडे संपत होते आणि चाकाच्या पलीकडे पुन्हा सुरू होत होते. पुढच्या चाकाशी तसंच. त्याला त्याचा अर्थ लागत होता पण तो मनावर घ्यायचं धाडस होईना. त्याला दुष्काळातली ती बाभूळ आठवली, ती दोरी, गोल गोल फिरणारी पोरगी. दोरी बरी होती असं त्याला त्या क्षणी मनापासून वाटलं. दोरीला दुसरं टोक होतं आणि ते झाडाला होतं. नळ कशाला, शाळा कशाला, असू दे बांधलेली, असू दे हसत. हे वाटलं आणि त्याची त्यालाच शिसारी आली, पण वाटायचं थांबलं नाही.

वळण संपलं आणि ती दिसली. लाल परकर, कमरेत वाकलेली, एक हात तारेवर. जवळच्या सिग्नलचा खांब दुसऱ्या हातानं चाचपत होती. आता हाक मारावी तर दचकून ती तार घट्ट धरील, म्हणून तो तोंडावर हात दाबून वीस पावलं चोरासारखा गेला. पण तिला पावलं कळली.

"बाबा?" ती सरळ झाली. "डबडं वाजलं न्हाई ना? मला वाटलंच. ही लय लांब हाय, हिसका घरापस्तोर पोचतच नसंल."

त्यानं तिचे दोन्ही हात मनगटात धरून तारेवरून उचलले. मारायलाच हात उठला होता त्याचा. भेलेल्या बापाचा पहिला हात मारायलाच उठतो. पण तिचे तळवे वर आले आणि तो बोटं मोजायला लागला. काळी, वंगणानं माखलेली, दहा. पुन्हा मोजली. दहाच.

"लय खाली लावली तुमी," ती म्हणाली, "वाकून वाकून पाठ दुखली माझी. अन् गाठी मारायच्या राह्यल्या. मधी मधी चाकं हायत, ती काऊन बसवली? पयल्या चाकाला हात चिकटला, मग मी चाक आलं की हात काढायले, म्होरं ठिवायले. दोन कशाला लावल्या बाबा? एक जायची अन् एक यायची का?"

शिट्टी पुन्हा झाली.

"ती गाडी काऊन वरडायलीय?"

"तुझ्यापायी थांबलीय."

"माझ्यापायी?" तिचं तोंड उजळलं. मोठेपण कुणाला नको असतं!

तिला तारांपासून चार हात लांब घेऊन, हात सोडायचे नाहीत असं धरून, त्यानं वळणावर येऊन केबिनीकडे हात हलवला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तारा खरकन चालल्या, खुंट्यांवरची चाकं एकामागून एक किरकिरली, आणि मागं खांबावर सिग्नलचा हात धाडकन खाली पडला, गाडीला वाट मिळाली. सत्या त्याला येऊन चिकटली. "तार चालली!" ती म्हणाली, आणि तिचे हात त्याच्या मुठीत आखडले. तिला समजलं होतं. न सांगता, चाकाच्या आवाजावरूनच समजलं होतं. गाडी गेली, शेवटच्या डब्याचा आवाज लांब गेला, तरी ती हलली नाही.

"सत्या, ही तार तुझी न्हाई. सिग्नलाची हाय."

"मग माझी कुठवर हाय?"

"नळापस्तोर."

तिनं त्याच्या मुठीतून हात सोडवून घेतले. मग ती म्हणाली, "राती तुमी निम्मी म्हनले."

"खोटं बोललो."

"काऊन?"

"भ्या वाटलं." मोठ्यानं म्हटल्यावर ते फारच लहान वाटलं. "मधी रूळ हायत. रुळावरून तार नेता येत न्हाई, गाडी जाती. तितं तुझ्या हातात काईच राहत न्हाई."

"किती पावलं हातात काई न्हाई?"

सहा वर्षं तो ते रूळ रोज ओलांडत होता. स्वप्नात तर ओलांडतच होता, आणि स्वप्नात ते कधी संपतच नसत. "मोजली न्हाईत," तो म्हणाला.

"न मोजताच भेलात?" सत्या म्हणाली. रागानं नव्हे. तिला खरंच नवल वाटलं होतं.

ते परत निघाले. तिनं त्याचा हात धरला नाही. त्याच्या पाठीशी चालत, तिनं त्याच्या धोतराचा सोगा दोन बोटांत धरला. ते सोग्याचं ओढणं त्याला केबिनीपर्यंत पुरलं. केबिनीखालून जाताना बन्सीधरनं वरूनच विचारलं, "बोटं?" आणि सूर्यभाननं दहा बोटं दाखवली, नऊ आणि एक अर्धं, तेवढीच त्याच्यापाशी होती. बन्सीधर हसला नाही. रूळ ओलांडायची पायवाट केबिनीच्या समोरच होती. सूर्यभान तिथं उभा राहिला. पुढची गाडी चारशिवाय नव्हती. घरी जावं, तिला भाकरी द्यावी, उद्या पाहू, हे शब्द त्याच्या तोंडात तयार होते, रोजच्यासारखे.

"बन्सीभाऊ," तो वर पाहून म्हणाला, "चारपस्तोर काई हाय का?"

"काई न्हाई. शंटिंगबी न्हाई." बन्सीधरनं दोघांकडे पाहिलं. "मी खिडकीत हाय."

सूर्यभान तिला पहिल्या रुळाशी घेऊन गेला. रूळ उन्हानं तापले होते. तिचं पाऊल त्यानं हातात धरून लोखंडाला टेकवलं, चटका बसेल म्हणून लगेच उचललं, पण तिनं पुन्हा स्वतःच टेकवलं आणि तसंच ठेवलं. "असे चार," तो म्हणाला. "चौथ्यानंतर उतार हाय. उतार संपला की संपलं. तुला..." त्याला पुढचं म्हणता येईना. तिनं धोतराचा सोगा सोडला.

"तुमी हितंच थांबा," ती म्हणाली. "मागून येऊ नका. तुमची पावलं माझ्यात मिसळत्यात."

तो थांबला. हात पुढं जातील म्हणून त्यानं ते पाठीशी बांधले. तिनं दोन्ही हात समोर धरले, तार नसलेल्या हवेत, कमरेच्या उंचीवर, आणि मोठ्यानं मोजायला लागली. एक. दोन. तीन. पहिलं लोखंड. खडीत तिचा पाय घसरला. सात. आठ. दुसरं. मधल्या पट्टीत ती थांबली, मान वाकडी करून तिनं ऐकलं, तेवढ्यात त्याला चारची गाडी, आठची गाडी, उद्याची गाडी, सगळ्या गाड्या एकदम ऐकू आल्या. तिला काही ऐकू आलं नसावं. ती पुढं निघाली, थोडी डावीकडे झुकली. डावीकडे झुकायलीस असं ओरडावं, पण ओरडलं तर ती मोजणं चुकेल. तिसरं लोखंड तिच्या पायाला तिरपं लागलं. तिनं पायानंच त्याची दिशा चाचपली आणि स्वतःला सरळ करून घेतलं. सोळा. सतरा. आवाज लहान लहान होत गेला. चौथं. मग उतारावर तिचं डोकं, मग लाल परकर खाली गेला, आणि नुसता आकडा उरला.

"सव्वीस," पलीकडून आवाज आला. ती हात पसरून हवेत काहीतरी शोधत असावी. मग पुन्हा आवाज आला, चांगला मोठा, बन्सीधरलाही ऐकू जाईल असा. "बाबा! हितून तार लावा!"

"लावतो," सूर्यभान म्हणाला, पण ते एवढं हळू म्हणाला की तिला ऐकू गेलं नसणार. ती पलीकडे होती, सव्वीस पावलांवर. त्याला अजून रूळ ओलांडायचे होते.